टिक्की आपोआप जुळून येते

९ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ७.४०

रिटायर होऊन नऊ दिवस. आजपासून रोजनिशी. रजिस्टर डेपोतलं आहे. आणलं म्हणजे माझ्याच टेबलावर कोरं पडलं होतं, मी फक्त जागा बदलली.

अंबाजोगाईच्या स्टँडवर चौतीस वर्षं काढली. शेवटची अकरा वाहतूक नियंत्रक म्हणून खिडकीत. दिवसाला हजार माणूस विचारायचं. परळी गाडी कवा हाय, बीडची कुठं लागती, लातूर गेली का. गेल्या नऊ दिवसांत मला एकाही माणसाने काहीही विचारलेलं नाही. निरोप समारंभाला घड्याळ दिलं. ते सहा मिनिटं मागं चालतं. मी कंट्रोलर होतो हे माहीत असून असलं घड्याळ देतात, याला काय म्हणायचं.

घरात तर कोणी विचारायचा प्रश्नच नाही. घर म्हणजे मेस. सत्यभामा, माझी पत्नी, एकोणीस वर्षं मेस चालवते. बत्तीस मेंबर, सगळी कॉलेजची पोरंपोरी. ड्युटीवर असताना मला वाटायचं, मेस माझ्या भरवशावर चालते. नऊ दिवस बसून बघतोय. माझ्याशिवाय चालते. लई वाईट वाटलं.

दुपारी १.५०

महत्त्वाचं निरीक्षण. जेवणं उरकली आणि पातेल्यात उकडलेले बटाटे उरले. मोजले, तेवीस. सत्यभामाला विचारलं, एवढे कावून उकडले? म्हणाली अंदाजानं उकडते, उरले तर उद्या पराठ्यात जातात. अंदाजानं! एकोणीस वर्षं अंदाजानं! कसलं नियोजन नाही.

संकल्प: उरलेल्या उकडलेल्या बटाट्याची रोज संध्याकाळी खमंग टिक्की. साधी. मीठ, हिरवी मिरची, जिरं, कोथिंबीर, तेल. हा विभाग आजपासून माझा. सत्यभामाला तसं कळवलं. ती म्हणाली, करा. बस, एवढंच. मी समजावून सांगायला पाच मुद्दे काढून ठेवले होते, ते वाया गेले.

१० फेब्रुवारी, सोमवार. सायं. ७.३०, गच्चीवरून

पहिला घाणा सोडला. टिक्की कढईत गेली आणि मोकळी झाली. फुटली असं मी म्हणणार नाही. मोकळी झाली. दुसऱ्या घाण्यात तेल जास्त तापलेलं, त्यात ती वरून काळी आणि आतून गार. तिसऱ्यात दोन्ही गोष्टी झाल्या.

दोष बटाट्याचा आहे. पाणचट माल. शिवाय दगडाबाई भांडी घासताना सारखी बघत होती. दगडाबाई मेसची भांडी घासते, मागच्या बोळात तिच्या तीन शेळ्या बांधलेल्या असतात. माणूस नवीन काम करताना कोणी असं बघू नये.

ताटात जे होतं ते सत्यभामाने बोटानं हलवून पाहिलं. फक्त म्हणाली, बटाट्याला काहीतरी धरून ठेवणारं लागतं. मी म्हणालो, माझ्या टिक्कीत भेसळ नाही. मग ती म्हणाली, टाकी भरत आली असंल, मोटार बंद करून या.

टाकी भरायला वेळ होता. मोटारीचं बटन गच्चीवर, तिथं पंचवीस मिनिटं थांबलो.

रात्री ८.१०

चमत्कार. खाली आलो तर पोरांच्या ताटात टिक्क्या. गोल, एकसारख्या, सोनेरी. माझ्याच! ऋतुजा नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, मेंबरांत सगळ्यात चिकित्सक. ती म्हणाली, काका, टिक्की एक नंबर. मेंबरांतल्या लखनने चार घेतल्या.

विचार केला आणि उलगडा झाला. टिक्की तळून अर्धा तास ठेवली की गार होताना आपोआप जुळून येते. हे कोणत्याही पुस्तकात नसेल. शोध माझा.

जेवताना दोन भाकरी खाल्ल्या.

१३ फेब्रुवारी, गुरुवार. सायं. ७.३०, गच्चीवरून

पद्धत आता बसली. ६.३५ ला तळण सुरू, ७.०५ ला बंद. ७.०५ ला सत्यभामा मला मोटारीसाठी वर पाठवते. अगदी टाइमवर. एवढी वर्षं मोटार कोण बंद करत होतं कोणास ठाऊक. तिला टाकीची लई काळजी.

मी वर असतो तोवर खाली टिक्की जुळते. तळताना ती कितीही मोकळी झाली तरी मी आता घाबरत नाही.

आज ऋतुजाने विचारलं, काका, यात काय घालता. विचारलं! मी म्हणालो, ते डिपार्टमेंटचं आहे, सांगता येत नाही. पोरगी हसली. चौतीस वर्षांत माहिती नाकारायची वेळ कधी आली नव्हती. बरं वाटलं.

१६ फेब्रुवारी, रविवार

संध्याकाळी मेस बंद. घरच्यापुरत्या टिक्क्या तळतो म्हणालो. सत्यभामा म्हणाली, तुमच्या डिपार्टमेंटला बी एक दिवस सुट्टी पायजे. कामगारांचे हक्क तिला कळतात हे मला आजपर्यंत माहीत नव्हतं.

दुपारी मागच्या बोळात गेलतो. दगडाबाईच्या शेळ्या चांगल्या लठ्ठ झाल्यात. मला बघून तिन्ही उठून उभ्या राहिल्या. दगडाबाईला म्हणालो, जनावराला माणसाची पारख असते. ती पदर तोंडाला लावून बराच वेळ खोकत होती. औषध घे म्हणालो.

१९ फेब्रुवारी, बुधवार. दुपारी ३.१५

पुढचं नियोजन.

मेसवर बोर्ड लावायचा, 'सुग्रीवरावांची सुप्रसिद्ध टिक्की'. मग बीडला शाखा, कोचिंग क्लासच्या गल्लीत, तिथं पोरांना भूक लई लागते. मग परळी. परळीला स्टेशन आहे, प्रवासी माल. प्रवासी मला कळतो.

पप्पूच्या दुकानात फ्लेक्सची ऑर्डर दिली. सहा बाय तीन. माझा फोटो युनिफॉर्ममधला. पप्पूने विचारलं की मेस तर काकूंची आहे, त्यांचं नाव कुठं टाकू. मी म्हणालो, खाली, सौजन्य म्हणून. सत्यभामाला अजून सांगितलं नाही. शिवरात्र झाली की लावून टाकायचा, तिला एकदम आनंद होईल.

२२ फेब्रुवारी, शनिवार. रात्री ९

आज सत्यभामाशी वाजलं. बोर्डाचं नाही, ते अजून गुप्त आहे. तिचे गुडघे सुजलेत. मी म्हणालो, तू संध्याकाळी एवढी दमतेस कशानं, तळणाचं काम तर मी उचललं. तिने बाम मागितला. दिला.

कृतज्ञता या विषयावर बोलणार होतो. तिचा डोळा लागला.

२५ फेब्रुवारी, मंगळवार. सायं. ८.२०

उद्या महाशिवरात्र. सत्यभामा भजनी मंडळाबरोबर परळीला वैजनाथाच्या दर्शनाला जाणार. पहाटे पाचची गाडी. उद्या ३२ पैकी २८ मेंबरांना उपास. भगर आणि दाण्याची आमटी ती करून जाणार, खिचडी दगडाबाई परतणार. माझ्यासाठी सूचना काय, तर उकडलेले बटाटे नुसते मीठ-जिरं लावून वाढा. आणि वर म्हणाली:

“उद्या तळू नका. एवढा एक दिवस ऐका माझं.”

एवढा एक दिवस! जसं काही रोज मी तिचं ऐकत नाही. मोटार कोण बंद करतं?

नीट विचार केल्यावर कळलं. तिला भीती वाटते. ती नसताना माझ्या टिक्कीवर मेस चालली तर तिची गरज काय राहिली, ही भीती. माणसं जवळची असली की असंच होतं. तरी मी राग धरला नाही.

संकल्प: उद्या उपासाची टिक्की. २८ मेंबर, दोन-दोन. कोथिंबीर नाही, हळद नाही, हिंग नाही. शेंगदाण्याचं तेल. नियम मला पाठ आहेत.

२६ फेब्रुवारी, बुधवार. महाशिवरात्र. सकाळी ११.०५

तळण पूर्ण. नेहमीसारखी मोकळी झाली. ताटात काढून झाकून ठेवली. आता जुळू द्यायची. सवयीप्रमाणे गच्चीवर आलो आहे. मोटार चालू नाही, पण पद्धत ती पद्धत.

११.३५

जुळली नाही.

११.५०

अजून नाही. ताटात नुसता तळलेला चुरा. दगडाबाईला विचारलं, झाकण काढलंतं का. ती म्हणाली, म्या कावून काढू? खिचडी परतायला लागली. मला वाटतं गार हवेचा परिणाम असावा. की ऊन?

मेंबर बाराला येतात.

दुपारी १२.२०

मार्ग काढला. उरलेले बटाटे घेतले. सत्यभामा म्हणाली होती, धरून ठेवणारं काहीतरी लागतं. आजच्या दिवस भेसळीला परवानगी. फळीवर डबा आहे, त्यावर पाटी 'राजगिरा पीठ', तिच्याच अक्षरात. राजगिरा उपासाला चालतो. दोन वाट्या घातल्या. पांढरं पीठ, छान मळलं गेलं. टिक्की कढईत एकजूट राहिली! एकही मोकळी नाही!

शिकवण: संकटातच माणसाचा कस लागतो. फ्लेक्सवर हे टाकायला हवं होतं.

दुपारी २.३०

लिहायची इच्छा नाही. पण नोंद ठेवायची सवय.

सगळ्यांनी टिक्की घेतली. लखनने तीन. ऋतुजाने एक घास खाल्ला आणि विचारलं, काका, तब्येत बरी आहे ना? मी म्हणालो, ठणठणीत. तिने ताट थोडं लांब सरकवलं.

मग मी स्वतः दगडाबाईला वाढली. ती नको नको म्हणत होती. तिचा नवस आहे, हे मला माहीत होतं. शेळ्यांवर रोग आलता तेव्हा बोललेला, एकवीस शिवरात्री कडक धरायच्या. ही अठरावी. मी म्हणालो, बाई, राजगिऱ्याची आहे, उपासाचीच, माझ्या हातची खा.

तिने तुकडा तोंडात घातला आणि तशीच थांबली. मग ताट खाली ठेवलं, उठली, फळीवरचा डबा उघडला आणि पीठ चिमटीत घेऊन वास घेतला.

ज्वारीचं होतं. भाकरी थापताना परातीत भुरभुरायला सत्यभामा जे पीठ वेगळं काढून ठेवते, ते. राजगिरा दिवाळीच्या आधीच संपला म्हणे. डबा तोच, पाटी तीच.

चौतीस वर्षं मी लोकांना सांगत आलो, बोर्ड बघून बसा, मला विचारत बसू नका. आणि बीडचा बोर्ड लावलेली गाडी केजहूनच परत फिरलेली मी स्वतः शेकडो वेळा पाहिली आहे. तरी डब्यावरची पाटी वाचली आणि डोळे मिटून विश्वास ठेवला. सरकारी नोकरी माणसाला भोळं करते.

पोरांचे अठ्ठावीस उपास मोडले, दगडाबाईचा एकोणतिसावा. दोघी पोरी रडल्या. लखन उठला, म्हणाला मोडलाच हाय तर आता वडापाव खाऊन येतो, आणि त्याच्यामागं सहाजण गेले. मी दगडाबाईला म्हणालो, बाई, रोज एवढी चांगली होते, आजच कसं असं झालं समजत नाही.

मग ती बोलली. आवाज चढवला नाही.

“सायेब, रोज बाई करत्यात. तुमी गच्चीवर गेला की दुसरी करत्यात, शिंगाड्याचं पीठ लावून. तुमचं तळलेलं पंधरा दिस माज्या शेळ्या खात्यात. आज पयल्यांदा मानसांनी खाल्लं.”

बत्तीस मेंबरांसमोर. सहा वडापावला गेलेले वजा केले तर पंचवीस. चुकलं, लखन धरून सात गेले. पंचवीस बरोबर आहे.

सायं. ६.१०

सत्यभामा पाचला आली. अंगारा लावला, प्रसाद दिला. मी घेतला नाही. दगडाबाईने दारातच सगळं सांगितलं असावं, कारण मी काही विचारायच्या आधीच सत्यभामा खुर्चीवर बसून गुडघे दाबायला लागली.

मी विचारलं, पंधरा दिवस? म्हणाली, चौदा. दोन रविवार सुट्टी. विचारलं, मोटार? म्हणाली, मोटारीला आटोमॅटिक बटन बसवून तीन वर्सं झाली.

तीन वर्षं! म्हणजे चौदा दिवस मी रोज पंचवीस मिनिटं आपोआप बंद होणाऱ्या मोटारीच्या बटनाजवळ उभा होतो.

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. नवराबायकोत. आपल्याच गच्चीवर. मी म्हणालो, तू मला फसवलंस, मला या घरात एक काम होतं, ते पण खोटं निघालं, स्टँडवरच्या भिकाऱ्याला तरी कोणीतरी विचारतं. एवढं मोठ्यानं बोललो की ऋतुजा दारातून परत गेली.

सत्यभामा म्हणाली:

“अवो, रिटायर झाल्यापासून तुमचं जेवान अर्ध्या भाकरीवर आलतं. नऊ दिस मी बगत होते. पयल्या दिवशी तुमचा चुरा पोरांना कसा वाढू, म्हून मी दुसरी केली. पोरं चांगली म्हनली आन् तुमी दोन भाकरी खाल्ल्या. मंग मी रोज केली. त्यात काय लबाडी.”

मी उठून गच्चीवर गेलो. मोटारीसाठी नाही.

२७ फेब्रुवारी, गुरुवार. सकाळी ८

आजपासून असहकार. स्वयंपाकघरात पाऊल नाही. उरलेले बटाटे त्यांचे त्यांनी बघावेत. दोन दिवसांत बोलवायला येतील.

दगडाबाईने आज परत उपास धरला आहे, नुसत्या पाण्यावर, कालचा भरून काढायला. वैजनाथाला समजंल म्हणाली, चुकून झालंय. तिच्या समोर जाऊन माफी मागितली. ही गोष्ट मी मनापासून केली. ती म्हणाली, जाऊ द्या सायेब. तिच्याबरोबर आपणही उपास धरावा असं ठरवलं होतं, पण सकाळी भाकरी गरम होती.

दुपारी ४

कोणी आलं नाही.

एक गोष्ट डोक्यात राहिली. चौदा दिवस ती रोज माझ्यामागून परत तळणाला उभी राहिली. माझं झालं की कढई पुसायची, तेल गाळायचं, परत मळायचं, पंचवीस मिनिटांत सगळं. सुजलेल्या गुडघ्यांवर. आणि मी बामची बाटली पुढं करून कृतज्ञतेवर बोलणार होतो. लाज वाटली. पण म्हणून विश्वासघात हा विश्वासघात राहत नाही असं नाही.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार. रात्री ८.३०

कोणी आलं नाही. ७.०५ ला पाय आपोआप जिन्याकडे गेले. तिसऱ्या पायरीवरून परत आलो.

आतून तळणाचा वास येत होता. लखन ओरडला, काकू, टिक्की एक नंबर. 'काकू' म्हणाला. पंधरा दिवस 'काका' म्हणत होता. पोरांची जात बेइमान.

भाकरी अर्धी.

१ मार्च, शनिवार. सकाळी १०.३०

पप्पूने फ्लेक्स आणून दिला. मी नको म्हणायच्या आत उलगडून दाखवला. युनिफॉर्ममधला मी, सहा फूट, बाजूला टिक्क्यांचा फोटो. टिक्क्या गोल होत्या, त्याने कुठूनतरी नेटवरच्या घेतल्या. म्हणजे फ्लेक्सवरसुद्धा माझी टिक्की नाही.

सत्यभामाने पाहिला. हसेल असं वाटलं. हसली नाही. खालचं 'सौजन्य' वाचलं आणि म्हणाली, प्लास्टिक चांगलं हाय.

दुपारी १२.४५

गच्चीवर गेलतो. फ्लेक्स पसरलाय, त्यावर उन्हाळ्यासाठी बटाट्याचा कीस वाळत घातलाय. उरलेलेच बटाटे. छातीपासून कपाळापर्यंत माझ्यावर कीस. फक्त टोपी दिसते.

दोन कडांना विटा नव्हत्या, वाऱ्यानं उडाला असता. मी ठेवल्या. कोणी सांगितलं नव्हतं.

३ मार्च, सोमवार. रात्री ८.४०

असहकार चालू आहे. स्वयंपाकघरात गेलो ते पाणी प्यायला. पाण्याचा माठ आतच आहे, त्याला इलाज नाही.

सत्यभामा शेगडीजवळ उभी होती, बटाट्याचा रस्सा उकळत होता. मागं न बघता तिने पळी माझ्यापुढं धरली आणि म्हणाली, अवो, जरा मीठ बघा.

मला विचारलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

मी घाई केली नाही. फुंकर मारून एकदा चाखलं, परत चाखलं, तिसऱ्यांदा डोळे मिटून चाखलं. मग सांगितलं, बरोबर आहे, अजिबात हात लावू नकोस. ती बरं म्हणाली.

मी पाणी घेऊन वळलो. दारापर्यंत पोचलो असेन, तेवढ्यात मागं मिठाच्या डब्याचं झाकण निघालं आणि पळी पातेल्यात फिरली. चिमूटभर नव्हतं. चांगला अर्धा चमचा असेल.

मी मागं वळून पाहिलेलं नाही, अशी नोंद करतो. दोन भाकरी.